अठ्ठावीसाला अठ्ठावीस

सायकल आली तेव्हा वाटलं, झालं, पाय सुटले.
पतसंस्थेची पिग्मी, कोळंबपासून आचऱ्यापर्यंत,
एकशे सदतीस खाती, रोजचे दहा, वीस, फार तर पन्नास,
आणि मध्ये घाट्या.
इथला रस्ता समुद्राला धरून कुठे जातो?
दर खाडीला उतरतो, पाणी बघतो, पुन्हा वर चढतो,
विसरलेली छत्री आणायला परत गेल्यासारखा.

बटण दाबलं की मागचं चाक आपणहून ढकलायचं.
हँडलवरचे एक ते सात मी चारवर ठेवले होते. कायमचे.
पुढच्या दोन चकत्यांतली मोठी दुकानदाराने लावून दिली,
ती तशीच.

तिसऱ्या महिन्यात बॅटरी निम्म्या वाटेत मान टाकू लागली
तेव्हा बावतीसकडे नेली.
बावतीस पूर्वी लाँचची इंजिनं खोलायचा.
साखळीवरून बोट फिरवलं, वास घेतला.
"खोबरेल घातलंस? गो बाय, ती साखळी आसा, वेणी न्हय."

मग सायकल उलटी केली, सीटवर उभी,
आणि एका दातावर खडूचा ठिपका दिला.
"मोज."
पुढची मोठी चव्वेचाळीस, धाकटी अठ्ठावीस.
मागे सात: सगळ्यांत बारकी चौदा, सगळ्यांत रुंद अठ्ठावीस.
मोठी आणि बारकी लावून पायडल एकदा फिरवलं,
चाकाचा व्हॉल्व तीनदा वर आला, आणखी थोडा पुढे गेला.
धाकटी आणि रुंद: पायडल एक, चाक एक.
मी वीस वर्षं व्याज काढतेय,
भागाकाराला हात लावता येतो हे माहीत नव्हतं.

"आणि मोटार?"
"ती चाकात बसलेली. तिका दात दिसनत नाय.
दात तुझ्या पायांसाठी.
तू जड गियरात घाटी चढतस, चाक रांगता,
रांगत्या चाकात मोटार नुसती तापता नि बॅटरी पिता.
तू बेगीन फिरव, मगे ती तुका धरतली."
थोडं थांबून: "बदलूचा ता चढाच्या आदी. चढार न्हय."

गेल्या गुरुवारी रात्रभर वीज नव्हती,
निघाले अर्ध्या चार्जवर.
परतताना ओझरच्या खाली शेवटची रेघ लुकलुकली, विझली.
सव्वीस किलोची सायकल,
पिशवीत चार हजार तीनशे दहा, त्यातली बरीच चिल्लर.

मोरी ओलांडायच्या आधीच डावा अंगठा दाबला.
साखळी मोठीवरून धाकटीवर पडली, खट्.
उजवीकडे एक एक करत शेवटच्या रुंद चकतीवर.
पाय शिलाई मशीनसारखे, वेग मुंगीचा.
एक कुत्रा थोडा वेळ सोबत चालला,
मग कंटाळून पुढे निघून गेला.
रिक्षातून कोणीतरी विचारलं, "ढकलूक होयी काय?"
मी मान हलवली. बोलायला श्वास सुटा नव्हता.

एक फेरी, एक चाक. दोन मीटर आणि चार बोटं.
आकड्यांचा कंटाळा आला तेव्हा खातेदार घेतले:
मेथर. खवणेकर. हडकर. तोडणकर.
फेरीला एक नाव, ज्याचे दहा त्याचीही एकच फेरी,
ज्याचे पन्नास त्याचीही.
यादी तिसऱ्यांदा लुद्रिकपाशी आली
आणि समोर आभाळ सपाट झालं.
पाय टेकला. गुडघे बराच वेळ फिरतच होते.

घरी दिव्याखाली पाहिलं:
उजव्या पोटरीवर ग्रीसची काळी कमान, नऊ दात.
मोठ्या चकतीचे.
साखळी धाकटीवर, म्हणून ती उघडी, रिकामी,
सगळी घाटी नुसती माझ्याबरोबर फिरली,
आणि सही मात्र तिची.

साबणाने जाईना. रॉकेल चोळलं.
सात गेले.
दोन अजून आहेत.